विन्ट्सची पोथी

फ्रँकफर्ट हे गाव आपल्या लोकांना ठाऊक आहे ते विमान बदलण्यापुरते. मुंबईहून अमेरिकेला निघालेला माणूस तिथे दोन-तीन तास काचेच्या भिंतीआड बसतो, चढ्या भावाची कॉफी पितो, आणि जर्मनी पाहिल्याचे पुण्य पदरात बांधून पुढच्या विमानात चढतो. थोडे अधिक माहीतगार असतील ते तिथल्या पुस्तकांच्या जत्रेचे नाव घेतील. १९८६ साली आणि पुन्हा २००६ साली त्या जत्रेत भारताला पाहुण्याचा मान मिळाला होता, तेव्हा आपले पुष्कळ लेखक-प्रकाशक तिथे जाऊन आले. गावात उतरलेल्या माणसाला दाखवायचे म्हटले तर बँकांचे उंच मनोरे आहेत, कवी गटेचे घर आहे आणि रोमरचा चौक आहे. यांपैकी घर आणि चौक ही दोन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीत जमीनदोस्त झाली होती आणि नंतर होती तशी उभी केली आहेत, हे वाटाड्याने सांगितले नाही तर कळतही नाही. जर्मन माणूस जुने घर पुन्हा बांधतो तेही असे बेमालूम, की आपण जुन्यालाच नमस्कार करून येतो.

मला या गावाची ओढ लागली ती एका लहानशा पुस्तकापायी. त्याचे नाव ‘मेगिलात विन्ट्स’. मेगिला म्हणजे हिब्रू भाषेत गुंडाळी. आपण पोथी म्हणू. तेव्हा नावाचा अर्थ झाला ‘विन्ट्सची पोथी’. गंमत अशी, की हा विन्ट्स कोणी साधुपुरुष नव्हे. ज्याने फ्रँकफर्टच्या ज्यू लोकांची घरे लुटली आणि त्यांना गावाबाहेर घालवले, तोच हा व्हिन्सेन्ट्स फेटमिल्श. रावणाच्या नावाने रामायण ओळखले जावे तसा हा प्रकार. फेटमिल्श या आडनावाचा शब्दशः अर्थ ‘साईचे दूध’ असा होतो, आणि धंद्याने तो मधाच्या मसालेदार वड्या भाजणारा भटारी होता. इतका गोडाधोडाचा माणूस इतिहासात इतका कडू निघावा, याचे नवल वाटते.

पोथीकडे वळण्याआधी ती ज्या गल्लीत जन्मली ती गल्ली पाहू.

फ्रँकफर्टमध्ये ज्यू लोक बाराव्या शतकापासून होते. माइन नदीच्या काठी, ख्रिस्ती देवळाच्या सावलीत, इतरांच्या शेजारीच त्यांची घरे होती. १२४१ साली दंगल झाली आणि दोनशेच्या आसपास असलेल्या या वस्तीतली बहुतेक माणसे मारली गेली. मागाहून लोक पुन्हा आले, घरे बांधली. १३४९ साली सम्राट चौथा कार्ल याने फ्रँकफर्टच्या ज्यूंवरचा आपला हक्क पंधरा हजार दोनशे पौंड हेलर घेऊन गावाकडे गहाण टाकला. हो, गहाणच! त्या काळी साम्राज्यातले ज्यू हे सम्राटाच्या खजिन्याची मालमत्ता समजले जात. जशी जकात, जसे मीठ, तसेच हे. त्यांनी कर भरायचा आणि सम्राटाने त्यांना राखायचे. गहाणखतावरची शाई वाळते न वाळते तोच, त्याच उन्हाळ्यात, प्लेगच्या भीतीने पिसाटलेल्या जमावाने ही वस्तीही संपवली. तरी लोक तिसऱ्यांदा आले.

१४६२ मध्ये नगरसभेने त्यांना गावात राहू देणेच बंद केले आणि जुन्या तटाच्या कडेने एक वाकडी गल्ली आखून दिली. लांबी सुमारे तीनशे तीस मीटर, रुंदी तीन-चार मीटर. तीन दरवाजे. रात्री आणि रविवारी-सणावारी ते कुलूपबंद होत. सुरुवातीला तिथे शंभर-सव्वाशे माणसे होती. दीडशे वर्षांनी, त्याच लांबीरुंदीत, अडीच हजारांच्या वर झाली. जागा वाढवून मिळेना म्हणून घरे दुभागली, मग तिभागली, मागच्या परसात दुसरे घर उठले, वर मजले चढले आणि वरचे मजले पुढे झुकले. गिरगावातल्या चाळीत दिवस काढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. मात्र आपल्या चाळीच्या तोंडाशी रात्री बाहेरून कुलूप लागत नव्हते. गटेने आपल्या आत्मचरित्रात या गल्लीतली गर्दी, कोंदटपणा, चिखल आणि लहानपणी तिच्या दाराशी उभे राहताना वाटलेली धास्ती वर्णिली आहे. मोठेपणी मात्र तो आत गेला, तिथली लग्ने आणि सण त्याने पाहिले, आणि ही माणसेच आहेत असे त्याला आढळले.

घरांना नंबर नव्हते, नावे होती, आणि नावाप्रमाणे दारावर चित्र असे. ‘लाल मेंढा’, ‘पांढरा मेंढा’, ‘दगडी घर’. लोकांना आडनावेही या पाट्यांवरून पडत. ज्या घराण्याच्या पेढीने पुढे युरोपातल्या राजांना कर्ज दिले, ते रॉथशिल्ड म्हणजे ‘लाल ढाल’वाले, याच गल्लीतले.

आता १६१२ सालाकडे येऊ. त्या वर्षी नवा सम्राट माथियास याची निवड आणि राज्यारोहण रिवाजाप्रमाणे फ्रँकफर्टला झाले. अशा वेळी गावात पैसा येतो आणि तोंडेही मोकळी होतात. गावचा कारभार मूठभर खानदानी घराण्यांच्या हाती होता. धंदेवाल्यांच्या संघांना, म्हणजे सुतार, शिंपी, भटारी यांना, त्यात नावापुरतीच जागा होती. कर वाढत होते, गाव कर्जात बुडाले होते, हिशेब कोणाला दाखवत नव्हते. आमच्या सनदा जाहीर वाचून दाखवा, अशी लोकांची मागणी होती, आणि मला विचाराल तर ती अगदी रास्त होती. पण तिच्या शेपटाला आणखी दोन मागण्या बांधल्या होत्या: गावातले ज्यू कमी करा, आणि त्यांचा व्याजाचा दर उतरवा. लहान कारागिराला सावकार दिसतो तो समोरचा, गल्लीतला. सनद दडवणारा वरचा कारभारी त्याला दिसत नाही. हे दुखणे काही जर्मनीपुरते नाही.

पुढारी झाला फेटमिल्श. वाणी तिखट, छाती मोठी. आपण ज्यूंचा नवा हामान आहोत असे तो स्वतःच म्हणवून घेई, अशी परंपरा आहे. हामान कोण, हे इथे सांगितले पाहिजे, कारण पोथीची सगळी गुरुकिल्ली त्यात आहे. बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात इराणच्या बादशहाचा वजीर हामान राज्यातल्या सर्व ज्यूंना एका दिवसात मारण्याचा हुकूम मिळवतो. राणी एस्तेर, जी स्वतः गुप्तपणे ज्यू असते, ती बादशहापुढे जीव धोक्यात घालून जाते. आणि ज्या वधस्तंभावर तिच्या चुलत्याच्या मुलाला, मर्दखयला लटकवायचे ठरले होते, त्यावर हामानच लटकतो. तो पुरीमचा सण. अदार महिन्यात, म्हणजे आपल्या फाल्गुनाच्या सुमाराला तो येतो; खाणेपिणे, सोंगे, गोंगाट, हामानाचे नाव आले की खुळखुळे आणि पायांचे आपटणे. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावोगाव शनवार तेली म्हणत, ते या सणाला ‘होळीचा सण’च म्हणत आले. नाव अगदी चपखल आहे.

फेटमिल्शच्या दबावाने आधी गल्लीतली गरीब कुटुंबे बाहेर काढली गेली. १६१४ च्या मे महिन्यात त्याच्या माणसांनी वेशी ताब्यात घेऊन जुन्या नगरसभेला राजीनामा द्यायला लावला. सम्राटाने ताकीद दिली. ती जुमानली गेली नाही. उलट वरून धमकी आल्याने जमाव अधिकच चेकाळला. २२ ऑगस्ट १६१४ रोजी दुपारनंतर तो गल्लीच्या दारांशी आला.

ज्यूंनी दरवाजे आतून अडवले होते, पिंपे आणि बाकडी रचली होती, आणि पुरुष हातात मिळेल ते घेऊन उभे होते. काही तास ते लढले. दोन्हीकडची माणसे पडली. शेवटी जमाव आत घुसला आणि लूट सुरू झाली. माथेउस मेरियन या प्रसिद्ध चित्रकाराने या लुटीचे कोरीव चित्र केले आहे. त्यात लोक गाठोडी पाठीवर घेऊन चालले आहेत, कोणी भांडी उचलतो आहे, कोणी कागद फाडतो आहे. ते कागद म्हणजे कर्जरोखे असावेत, असे मला तरी वाटते. जमावाला काय जाळायचे ते बरोबर ठाऊक असते. नुकसान पावणेदोन लाख गुल्डनच्या घरात गेले.

काही ज्यू कुटुंबांना ख्रिस्ती शेजाऱ्यांनी आपल्या घरांत लपवले; हेही त्याच रात्री घडले आणि तेही सांगितले पाहिजे. बाकीचे गल्लीच्या टोकाला असलेल्या आपल्या कबरस्तानात गोळा झाले. १३८० माणसे. रात्रभर ती थडग्यांमध्ये बसून होती. सकाळी काय होणार ते कोणाला माहीत नव्हते. मरायचेच असेल तर जागा तयार आहे, इतकाच काय तो दिलासा. दुसऱ्या दिवशी फेटमिल्शने निरोप धाडला की गावाने तुमचे रक्षण करणे सोडले आहे, निघा. नदीकाठच्या लहान दरवाजातून त्यांना बाहेर सोडले. कोणी होड्यांत बसून, कोणी पायी, आसपासच्या गावांत पांगले: होख्स्टला, ऑफेनबाखला, हानाउला. त्यांचे धर्मगुरू यशया होरोवित्स, ज्यांचा ग्रंथ पुढे साऱ्या ज्यू जगात पूजनीय झाला, तेही याच वर्षी फ्रँकफर्ट सोडून प्रागला गेले आणि नंतर जेरुसलेमला.

इथे एक मौजेची गोष्ट. प्रॉटेस्टंट फ्रँकफर्टने पोपचे नवे पंचांग मानले नव्हते. होख्स्ट हे कॅथलिक माइन्झच्या मुलखात, तिथे ते मानत. तेव्हा नावेत बसून नदीने दोन तास खाली गेले की माणूस दहा दिवस पुढे जाई. ज्यूंना याचे सोयरसुतक नव्हते. त्यांचे स्वतःचे तिसरे पंचांग होते आणि त्यात तो दिवस एलुल महिन्याची सत्तावीस तारीख होता. वर्ष संपायला दोन दिवस होते.

सम्राटाचे डोके आता भडकले. त्याची मालमत्ता लुटली गेली होती! शिवाय उद्या प्रत्येक गावातले भटारी नगरसभेला राजीनामे द्यायला लावू लागले तर? फेटमिल्शवर साम्राज्याचा बहिष्कार पुकारला गेला. तो होताच पायाखालची जमीन सरकली. काल खांद्यावर घेणारेच आज ओळख दाखवेनात. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला पकडले. खटला वर्षभराहून अधिक चालला. पुढच्या वर्षी, १६१५ मध्ये, शेजारच्या वर्म्स गावानेही फ्रँकफर्टचा कित्ता गिरवून आपले ज्यू हाकलले आणि त्यांचे प्रार्थनामंदिर पाडले. तिथेही वरून सैन्य आणून त्यांना परत बसवावे लागले.

२८ फेब्रुवारी १६१६. फ्रँकफर्टच्या घोडेबाजाराच्या चौकात फेटमिल्श आणि त्याचे सहा साथीदार यांची शिरे उडवली. त्याआधी शपथ घेणारी बोटे तोडली. त्याचे घर पाडून जागेवर बदनामीचा खांब उभारला. चार मुंडकी पुलावरच्या बुरुजाला लोखंडी सळ्यांवर लावली. ती किती टिकली म्हणाल? गटेच्या लहानपणी, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांनी, त्यांतली एक कवटी अजून तिथेच होती. येता-जाता ती दिसायची, असे तो लिहितो.

आणि त्याच दिवशी, तो तमाशा चालू असतानाच, ज्यूंना परत आणण्यात आले. वेशीबाहेर त्यांना जमवले होते. माइन्झ आणि हेसेन-डार्मश्टाट या दोन संस्थानांचे आयुक्त आणि सैनिक पुढे, ढोल आणि तुताऱ्या वाजताहेत, आणि मागून ही माणसे चालताहेत, असा थाट. दीड वर्षापूर्वी जी माणसे मागच्या दाराने होडीत कोंबली होती, ती वाजतगाजत आली. गल्लीच्या दारांवर सम्राटाचा गरुड ठोकला आणि खाली लिहिले की ही जागा सम्राटाच्या आणि साम्राज्याच्या रक्षणाखाली आहे. ज्यू पंचांगात तो दिवस अदारची वीस तारीख होता. खऱ्या पुरीमला सहाच दिवस झाले होते! एस्तेरची गोष्ट नुकतीच वाचून संपली आणि ती डोळ्यांपुढे घडली. मग त्यांनी तो दिवस सणच करून टाकला. ‘पुरीम विन्ट्स’.

आता पोथी. एल्हानान हेलेन या फ्रँकफर्टच्याच माणसाने ती रचली. घटना ताजी होती, लोक अजून घरांची दारे बसवत होते. पोथी दोन भाषांत आहे. एक कडवे हिब्रूत, त्याच मजकुराचे दुसरे यिडिशमध्ये. हिब्रू ही शास्त्र्यांची, प्रार्थनेची, पुरुषांच्या पाठशाळेची भाषा; यिडिश ही घरातली, बाजारातली, आईची. दोन्हींची लिपी एकच. संस्कृत श्लोक आणि लगेच खाली मराठी ओवी, असे आपल्याकडे आहेच. हेतूही तोच: घरातल्या बायकांना, शिकायला न मिळालेल्या पुरुषांना, मुलांना आपली कथा आपल्या तोंडाने म्हणता यावी.

म्हणायची कोणत्या चालीवर? तर ‘पाव्हियाच्या लढाई’च्या. १५२५ साली इटलीत पाव्हियाला सम्राटाच्या सैन्याने फ्रान्सच्या राजाला कैद केले, तेव्हाचे हे शिपाईगडी गाणे. शंभर वर्षे झाली तरी जर्मनीत जो तो ते गुणगुणत असे. म्हणजे ज्यूंनी आपल्या सुटकेचे आख्यान लावले ते ख्रिस्ती शिपायांच्या पोवाड्याच्या चालीवर! मला ही गोष्ट पोथीतल्या सगळ्या वर्णनापेक्षा जास्त बोलकी वाटते. गल्लीला कुलूप होते, पण गाणी भिंतीवरून आत येत होती. ज्या गावाने हाकलले त्याच गावाची चाल घेऊन ही माणसे परत आल्याचा आनंद करीत होती. त्यांनी दुसरी चाल कुठून आणावी? ते फ्रँकफर्टचेच होते.

अशा चोपड्या दुर्मिळ का होतात, ते आपल्या घरी आजीची शिवलीलामृताची पोथी ज्याने पाहिली असेल त्याला सांगायला नको. पंडिताचा ग्रंथ फळीवर राहतो, सणाची पोथी हाताळून फाटते. सतराव्या शतकात ती फिरून फिरून छापली गेली आणि फिरून फिरून संपली. एका ख्रिस्ती पंडिताने, योहान क्रिस्टोफ वागनझाइलने, १६९९ साली क्योनिग्सबेर्गला छापलेल्या आपल्या यिडिशच्या पाठ्यपुस्तकात ती घातली. जर्मनांनी यिडिश शिकावे म्हणून निवडलेल्या उताऱ्यांत नेमकी ही पोथी असावी, याची मला मौज वाटते.

स्वतः फ्रँकफर्टला मात्र ज्यू माणसाला छापखाना काढायला परवानगी नव्हती. ज्या गावात वर्षातून दोनदा युरोपभरची पुस्तके विकली जात, तिथे हिब्रू पुस्तक छापायचे तर ख्रिस्ती छापखानदाराचे नाव लागे. जवळच्या हानाउला १६१० च्या सुमारास एक हिब्रू छापखाना निघाला होता; निर्वासित ज्या गावी गेले त्यांपैकी हे एक.

पोथीत आनंद आहे. पण त्या सुटकेचा कागद पाहिला तर माणूस थबकतो. १६१६ मध्येच ज्यूंसाठी नवे नियम ठरले. चांगली गोष्ट अशी, की राहण्याचा हक्क दर तीन वर्षांनी नव्याने मागायची गरज उरली नाही. बाकी काय? गल्लीत पाचशेच्या वर कुटुंबे नकोत. आणि वर्षात लग्ने फक्त बारा. बारा! अडीच-तीन हजारांच्या वस्तीत महिन्याला एक लग्न. मुलगा-मुलगी ठरली, आईबाप राजी, पैसाही आहे, तरी यंदाची बारा भरली असतील तर पुढच्या वर्षी या. ढोल-तुताऱ्यांच्या गजरात परत आलेली माणसे त्याच दारातून आत गेली, आणि दार रात्री पूर्वीसारखेच बंद झाले. गरुड बाहेर तोंड करून बसला होता खरा, पण त्याचे नख आतही पोचत होते. मालमत्ता परत मिळाल्यावर मालक तिच्यावर आपले चिन्ह उमटवतो, तेच ते. संघवाल्यांचेही काही भले झाले नाही. त्यांचे संघ मोडले, गावकऱ्यांवर एक लाख गुल्डनचा दंड बसला. खानदानी घराणी तेवढी पुन्हा खुर्चीवर बसली.

एल्हानान हेलेनला हे दिसले नसेल का? दिसले असेलच. तो त्याच गल्लीत राहत होता. पण कबरस्तानात ती रात्र काढलेल्या माणसाला वाजतगाजत घरी आणले, तर तो आधी गाणेच म्हणणार.

आणि ते गाणे फार दूर गेले. फ्रँकफर्टला जन्मलेला एक मुलगा, मोशे सोफेर, पुढे हंगेरीच्या राज्यात प्रेसबुर्गला मोठा धर्मगुरू झाला. ते गाव आज ब्रातिस्लाव्हा म्हणून ओळखले जाते. १८३९ मध्ये ते वारले. जन्मभर परगावी राहूनही ते अदारच्या वीस तारखेला आपला हा गावचा सण पाळत. मुंबईत दोन पिढ्या काढलेला माणूस गावच्या जत्रेचा नैवेद्य चुकवीत नाही, त्यातलाच हा भाग.

गल्ली १७११ मध्ये जळली, १७२१ मध्ये पुन्हा जळली. १७९६ च्या जुलैत फ्रेंचांच्या तोफांनी तिचा उत्तरेकडचा भाग पेटवला, आणि घरे नसलेल्या ज्यूंना नाइलाजाने गावात इतरत्र राहू द्यावे लागले. कुलूप मोडले ते असे. योगायोग पाहा: याच १७९६ साली इकडे मुंबईत मांडवी भागात सामाजी हसाजी दिवेकर या बेने इस्रायल सुभेदाराने पहिले प्रार्थनामंदिर बांधले, आणि तेही सुटकेच्याच कृतज्ञतेने. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडून ते जिवंत परत आले, तेव्हाचा नवस फेडला, अशी परंपरा आहे. त्या मंदिराचे नाव ‘दयेचे द्वार’. त्याला रात्री कोणी बाहेरून कुलूप लावले नाही.

एकोणिसाव्या शतकात फ्रँकफर्टची गल्ली रिकामी होत गेली आणि अखेर पाडली. ज्यू गावभर पसरले. वकील, डॉक्टर, बँकवाले, प्राध्यापक झाले. १९३३ साली ते तीस हजारांच्या आसपास होते. गावच्या ग्रंथालयातला हिब्रू पुस्तकांचा संग्रह युरोप खंडात नावाजलेला. आरोन फ्राइमान नावाचे विद्वान तो सांभाळीत. १९३३ मध्ये त्यांना कामावरून काढले, १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. ते जाण्याआधीच, १९३८ च्या नोव्हेंबरात, गल्लीच्या टोकावरचे बोर्नेप्लाट्सचे प्रार्थनामंदिर जाळले गेले. १९४१ च्या १९ ऑक्टोबरला पहिली गाडी निघाली. गावच्या भाजी मंडईच्या भव्य इमारतीच्या तळघरात माणसे जमवीत आणि मंडईच्या रुळांवरूनच पूर्वेकडे पाठवीत. ती इमारत आज युरोपच्या मध्यवर्ती बँकेच्या ताब्यात आहे. तिच्या पायथ्याशी २०१५ मध्ये स्मारक केले. या वेळी दाद मागायला वर कोणी सम्राट नव्हता. हुकूम वरूनच आला होता.

आज गल्लीच्या बऱ्याच भागावरून एक रुंद रस्ता जातो, ट्रामगाड्या घणघणत असतात. १९८७ साली गावच्या वीज-पाणी खात्याची इमारत बांधायला खणू लागले तेव्हा खाली एकोणीस घरांचे पाये आणि स्नानकुंडे निघाली. खाते म्हणे, बांधकाम थांबायचे नाही. लोक खड्ड्याभोवती जमले, आत बसले, भांडले. अखेर जर्मन पद्धतीची तडजोड झाली: इमारत झाली, आणि पाच घरांचे पाये तिच्या तळमजल्यात पुन्हा मांडले. १९९२ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. वर कचेरी, खाली ‘लाल मेंढा’ आणि ‘दगडी घर’. मी त्या पायांवरून पावले टाकीत गेलो. एक घर ओलांडायला चार-पाच पावले पुरतात. स्नानकुंडाच्या पायऱ्या खाली उतरतात, अरुंद, झिजलेल्या. त्या झिजेइतके बोलके तिथल्या एकाही फलकावर काही लिहिलेले नाही.

संग्रहालयाच्या मागेच ते कबरस्तान आहे. सर्वांत जुना दगड १२७२ सालचा. नाझी काळात हजारो दगड फोडले, तरी सुमारे अडीच हजार उरले. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर हजारो लहान लोखंडी ठोकळे बसवले आहेत, आगपेटीहून थोडे मोठे. प्रत्येकावर फ्रँकफर्टच्या एका मारल्या गेलेल्या ज्यू माणसाचे नाव, जन्मतारीख, मृत्यूचे ठिकाण. संख्या बारा हजारांच्या जवळ जाते. अॅन फ्रँक याच गावात १९२९ साली जन्मली. तिचाही ठोकळा आहे. ते भिंतीतून थोडे पुढे आले आहेत, म्हणून येणारेजाणारे त्यांवर खडे ठेवतात. ज्यू माणूस कबरीवर फूल वाहत नाही, खडा ठेवतो.

आत जायचे तर फाटकाला कुलूप असते. संग्रहालयाच्या खिडकीशी ओळखपत्र ठेवले की किल्ली मिळते. मी ती घेतली, फाटक उघडले. आत उंच गवत, झुकलेले दगड. काहींवर मेलेल्या माणसाच्या घराची पाटी कोरलेली आहे, म्हणजे पत्ता सोबतच नेलेला. पलीकडे ट्रामचा आवाज येत होता. १३८० माणसे इथे कशी मावली असतील, याचा अंदाज घेत मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. मावतात. दाटीवाटीने, पण मावतात. मग संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा फाटक लावून घेतले आणि किल्ली खिडकीशी परत दिली.